राष्ट्रांनी गुलामगिरीबद्दल माफी मागावी काय?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात अड्याळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, स्मरणिकेच्या वाचकांसाठी)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी अनेकांना वाटेल की अमेरिका, इंग्लंड, आफ्रिका या दूरदेशीच्या गोष्टींशी पवनी तालुक्यातील आपल्या गावाचा काय संबंध? धानाचा भाव, तलावाचे पाणी, मुलांचे शिक्षण, मुलींची लग्ने या आपल्या रोजच्या विवंचना. त्यात गोऱ्यांनी काळ्यांची माफी मागावी की न मागावी याचा काथ्याकूट आपण कशाला करावा? ही शंका रास्त आहे. परंतु थोडा वेळ मजबरोबर चला. हा प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला सुरू होतो आणि फिरत फिरत आपल्याच धुऱ्यावर येऊन उभा राहतो, असे मला दिसते.

प्रथम अलीकडची हकीकत सांगतो. १९ डिसेंबर २०२२ रोजी हॉलंडचे पंतप्रधान मार्क रुट यांनी आपल्या राष्ट्राने केलेल्या गुलामांच्या व्यापाराबद्दल जाहीर माफी मागितली. पुढे १ जुलै २०२३ रोजी तेथील राजे विलेम-अलेक्झांडर यांनीही माफी मागितली. डचांनी सहा लाखांवर आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून अमेरिका खंडात नेली, हे जगाला ठाऊक होते. पंतप्रधानांनी त्याच भाषणात आशिया खंडाचाही उल्लेख केला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखालील मुलखांत साडेसहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक माणसे विकली गेली असावीत, नेमका आकडा आपल्यालाही ठाऊक नाही, असे ते म्हणाले. वाचकहो, या माणसांत आपल्या हिंदुस्थानची माणसे होती. मद्रासकडच्या किनाऱ्यावरून, विशेषतः दुष्काळाच्या वर्षी, उपासमारीने विकल्या गेलेल्या बाया-पोरांना डच जहाजे बटाव्हियाला आणि सिलोनला नेत असत. तेव्हा ही माफी, थोड्या अंशाने का होईना, आपल्याही वाट्याची आहे.

आता या माफीविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, गुन्हा करणारे मेले, सोसणारेही मेले; मग आजोबांच्या पापाची माफी नातवाने का मागावी? व्यक्तीपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. कोणीही मनुष्य दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहत नाही, ही आपल्याकडे लहानपणापासून शिकविली जाणारी गोष्ट आहे. परंतु राष्ट्र म्हणजे काही एक व्यक्ती नव्हे. राष्ट्र मरत नाही. राजा जातो, मंत्रिमंडळ जाते, पण खजिना तोच राहतो, करार तेच राहतात आणि कर्जही तेच राहते.

याचे ढळढळीत उदाहरण इंग्लंडचे आहे. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि त्यासोबत दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ही भरपाई कोणाला? ज्यांच्या पाठीवर फटके बसले त्यांना नव्हे! ज्यांच्या हातात चाबूक होता त्या मालकांना! गुलामाला एक छदामही मिळाला नाही. या रकमेसाठी सरकारने जे कर्ज काढले, त्याचा शेवटचा भाग फिटला २०१५ साली. म्हणजे गुलामांच्या वंशातले जे लोक वेस्ट इंडीजमधून इंग्लंडात जाऊन राहिले, त्यांच्याही करातून मालकांच्या भरपाईचे कर्ज फेडले गेले. जे राष्ट्र मालकांचे देणे पावणेदोनशे वर्षे इमानाने लक्षात ठेवते, त्या राष्ट्राने गुलामांचे देणे मात्र 'फार जुनी गोष्ट' म्हणून विसरावे, हा कोणता न्याय? वारसाने इस्टेट घ्यायची आणि कर्ज नाकारायचे, असे आपल्या गावच्या पंचांपुढे कोणी म्हटले तर पंच त्याला काय म्हणतील, ते आपणच ठरवा.

दुसरा आक्षेप असा की, त्या काळी सारेच गुलाम बाळगीत. त्या काळाला आजच्या मापाने मोजू नये. हा आक्षेप वरवर शहाणपणाचा दिसतो, पण इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. त्या काळातही हे पाप आहे हे ओळखणारी माणसे होती. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत छत्रपती शिवाजी महाराजांनी डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यात माणसांच्या खरेदी-विक्रीस मनाई केली. ज्या डचांनी २०२२ मध्ये माफी मागितली, त्याच डचांच्या कंपनीला साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या एका राजाने बजावले होते की हा धंदा येथे चालणार नाही. मग 'त्या काळी कोणाला कळत नव्हते' असे कसे म्हणता येईल?

इस्लामपुरते बोलायचे तर, हजरत बिलाल यांची गुलामीतून झालेली सुटका आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. जकातीचा पैसा ज्या आठ बाबींवर खर्च करायचा, त्यांत माणसांच्या मानेवरचे जोखड सोडविणे ही एक बाब आहे. कित्येक चुकांचे प्रायश्चित्त म्हणून गुलाम मुक्त करण्यास सांगितले गेले. रस्ता दाखविलेला होता. तरीही मुसलमान राज्यांनी शतकानुशतके गुलामांचे बाजार चालू ठेवले, हेही तितकेच खरे. ट्युनिसच्या अहमद बे याने १८४६ मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या जवळपास वीस वर्षे आधी, आपल्या राज्यात गुलामगिरी बंद केली, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण सौदी अरबस्तानात ती कायद्याने १९६२ मध्ये बंद झाली आणि मॉरिटानियात १९८१ मध्ये, हे सांगतानाही आपली जीभ अडखळू नये.

येथे आपण आपल्या घराच्या उंबरठ्याशी आलो. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याने आपली वही उघडली पाहिजे. महाराष्ट्राच्या वहीत काय लिहिले आहे?

औरंगाबाद शहर ज्या खडकी गावातून वाढले, ते गाव १६१० मध्ये मलिक अंबरने वसविले. निजामशाहीचा हा थोर वजीर, मोगलांना वीस-पंचवीस वर्षे झुंजविणारा सेनानी, जमीनमहसुलाची घडी बसविणारा कारभारी, शहराला नहरीने पाणी देणारा पुरुष. त्याचे गुणगान आपण करतो आणि करावेच. पण तो येथे आला कसा? हबसाणातला एक पोरगा बाजारात विकला गेला, बगदादच्या सौद्यात पुन्हा विकला गेला आणि शेवटी अहमदनगरच्या एका सरदाराने त्याला विकत घेतले. तो सरदार चंगीझखान स्वतः मूळचा हबशी गुलामच होता. अंबर मोठा झाला म्हणून त्याचे नाव आपल्याला कळले. जे त्याच जहाजातून आले आणि तबेल्यात, खंदकात, लढाईत खपून गेले, त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? एक अंबर दाखवून 'आपल्याकडची गुलामगिरी सौम्य होती' असे म्हणणे म्हणजे एक वाचलेला दाखवून रोगाला आरोग्य म्हणणे होय.

पुढे मराठेशाहीचा काळ घ्या. पेशवाईच्या दप्तरांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. ही विकत घेतलेली, लढाईत धरून आणलेली, दुष्काळात आई-बापांनी विकलेली किंवा बदकर्माचा ठपका ठेवून सरकारजमा केलेली बाई. किल्ल्यांवर, कोठारांत, गुरांच्या गोठ्यांत आणि वाड्यांत तिने मरेपर्यंत राबायचे. तिला विकता येई, बक्षीस देता येई आणि पळाली तर शोधून आणता येई. तिच्या पोटचे मूलही बहुधा मालकाचेच. या बायांसाठी कोणी दगड उभा केला आहे काय? शाळेच्या पुस्तकात त्यांच्यासाठी एखादा धडा आहे काय?

वाचकहो, येथे एक सावधगिरीची सूचना करतो. मलिक अंबरला विकत घेणारे मुसलमान होते असे म्हणून एकाने बोट दाखवावे, कुणबिणी राबविणारे हिंदू होते असे म्हणून दुसऱ्याने, असा खेळ सुरू झाला की इतिहासाचे शिक्षण संपते आणि भांडण सुरू होते. गुलामांच्या बाजाराला धर्म नव्हता. तेथे विकणारा आणि घेणारा बहुधा एकमेकांना सलाम-रामराम करीतच सौदा पुरा करीत. दुसऱ्याकडून माफी उकळावयाची म्हटली की ती दंगलीला निमित्त होते. आपल्या बाजूने द्यावयाची म्हटली की तीच सलोख्याची सुरुवात होते.

इंग्रजी राज्यात १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखातील न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानणे बंद केले. आपला हा भाग त्या वेळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री हा सर्वत्र गुन्हा ठरविला. बाजार बंद झाला, पण राबवणूक बंद झाली नाही. इकडे मालगुजारीच्या काळात बेगार चालू राहिली, आणि तिकडे गुलाम सुटल्यावर मळ्यांना मजूर हवे म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये जाऊ लागले.

१८७३ हे साल या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सुरिनाममध्ये डचांनी १८६३ साली कागदोपत्री गुलाम मुक्त केले, मालकांना माणशी तीनशे गिल्डर भरपाई दिली आणि सुटलेल्यांना आणखी दहा वर्षे सक्तीने मळ्यांवर राबविले. ती दहा वर्षे १८७३ मध्ये संपली. त्याच वर्षी जूनमध्ये 'लल्ला रुख' नावाचे जहाज कलकत्त्याहून हिंदी मजूर घेऊन तेथे पोहोचले. आणि त्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्यांनी अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना मोकळे करावे अशी इच्छा व्यक्त केली. दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने अमेरिकेचा प्रश्न आणि आपल्या गावाचा प्रश्न एका ओळीत बसविला. मी येथे नवे असे काहीच सांगत नाही.

मग माफी मागावी ती कशी? सर्व माफ्या सारख्या नसतात. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २००८ मध्ये आणि सिनेटने २००९ मध्ये गुलामगिरीबद्दल माफीचे ठराव केले. पण सिनेटच्या ठरावात असेही घातले की याच्या आधारे सरकारवर कोणताही दावा करता येणार नाही. याउलट त्याच अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत कोंडलेल्या जपानी वंशाच्या नागरिकांची १९८८ मध्ये माफी मागितली, तेव्हा हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. या दोहोंतला फरक आपल्या घरातल्या कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला विचारा, ती चटकन सांगेल.

आपल्याकडे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा भेद करतात. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबा करावी, तो दयाळू आहे. पण बंद्यांच्या हक्कात कसूर झाली, कोणाचा पैसा, जमीन, मजुरी वा इज्जत बुडविली, तर नुसत्या तौबेने भागत नाही. ज्याचे बुडविले त्याचे त्याला परत करून त्याच्याकडून क्षमा घ्यावी लागते. शहिदाचे गुन्हे माफ होतात, कर्ज मात्र माफ होत नाही, अशी आपली शिकवण आहे. राष्ट्रांच्या माफीला मी हीच कसोटी लावतो. घडले ते नाव घेऊन कबूल करणे, बुडविलेला हक्क परत करणे आणि पुन्हा तसे न करणे, या तीन गोष्टींशिवाय माफी म्हणजे केवळ शब्दांची पेरणी.

मॉरिशसने या वाटेवर एक चांगले पाऊल टाकले. त्या लहानशा बेटावर १८३४ पासून सुमारे साडेचार लाख हिंदी गिरमिटिये उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते, आणि त्यांच्या वंशजांनी आजवर मराठी भाषा व सण टिकवून धरले आहेत. या देशाने २००९ मध्ये सत्य व न्याय आयोग नेमला. गुलामांच्या आणि गिरमिटियांच्या हालअपेष्टा आणि लोकांच्या बळकावलेल्या जमिनी यांची त्याने चौकशी केली आणि २०११ मध्ये अहवाल दिला. प्रथम चौकशी, मग कबुली, मग परतफेडीचा विचार, हा क्रम मला योग्य वाटतो.

कोणी विचारील, जर आमच्याही वहीत डाग आहेत, तर इंग्रजांना माफी मागा असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार काय? पूर्ण अधिकार आहे. शेजाऱ्याचे माझ्याकडे देणे असले आणि माझे तुमच्याकडे, तर माझे देणे राहिले म्हणून तुमचे माफ होत नाही. १९९९ मध्ये बेनिन या आफ्रिकी देशाचे अध्यक्ष केरेकू यांनी अमेरिकेत जाऊन, आपल्या पूर्वजांनी आपलीच माणसे विकली याबद्दल काळ्या अमेरिकनांची माफी मागितली. त्यामुळे गोऱ्या व्यापाऱ्यांचे पाप कमी झाले नाही. आफ्रिकेच्या मागणीचे वजन मात्र वाढले.

राहिला शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. पेशवाईतील कुणबिणीचे वारस कोठे शोधावयाचे? अंबरबरोबर आलेल्या अनाम हबशांची मुले-नातवंडे कोण? ती तर आपल्यातच मिसळून गेली. कदाचित माझ्यात असतील, कदाचित तुमच्यात. मालक कोण आणि गुलाम कोण हे वेगळे काढता येऊ नये इतके ते रक्त एक झाले आहे. येथे पुन्हा आपल्या फिकहचा एक साधा नियम उपयोगी पडतो. ज्याचे देणे आहे तो मिळत नसेल आणि त्याचे वारसही मिळत नसतील, तर ती रक्कम त्याच्या नावाने गरजवंताला द्यावी; स्वतःजवळ ठेवू नये. हाच नियम राष्ट्रालाही लागू करावा. कुणबीण मिळणार नाही, पण कुणबिणीच्या जागी आज उभा असलेला माणूस मिळेल. तिचे देणे त्याला द्यावे.

तो माणूस फार दूर नाही. घटनेच्या २३ व्या कलमाने बेगार व सक्तीची मजुरी निषिद्ध केली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द केली आणि वेठबिगारांवरची सारी कर्जे बुडीत ठरविली. लक्षात घ्या, इंग्रजांनी मालकाला भरपाई दिली होती, आपल्या संसदेने मजुराचे कर्जच रद्द केले. ही आपल्या कायद्याची थोरवी आहे. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबविणे हीदेखील सक्तीची मजुरीच. कायदा इतका स्पष्ट असूनही, उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेले कुटुंब उचल फिटेपर्यंत तेथून हलू शकत नाही, अशा गोष्टी आपल्या कानांवर येतातच.

विदर्भात पाडव्याला सालगडी ठरविण्याची चाल जुनी आहे. सालगडी म्हणजे गुलाम नव्हे. करार राजीखुशीचा असेल, मजुरी पुरी असेल आणि साल भरताच तो मोकळा होत असेल, तर ती इभ्रतीची नोकरी आहे. पण गेल्या सालची उचल या सालावर चढली, या सालची पुढल्या सालावर, आणि बापाची पोरावर चढली, तर त्या नात्याला दुसरे नाव द्यावे लागते. ते नाव आपण सर्व जाणतो.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. होय, राष्ट्रांनी गुलामगिरीबद्दल माफी मागावी. इंग्लंडने मागावी, फ्रान्सने मागावी, अरब देशांनी मागावी आणि आपणही मागावी. आपल्या विधिमंडळाने कुणबिणींच्या आणि बेगाऱ्यांच्या नावे एक ठराव करावा, शाळेच्या पुस्तकात मलिक अंबरच्या पराक्रमाबरोबर त्याच्या विक्रीची हकीकतही यावी, आणि १९७६ च्या कायद्याने नेमावयाच्या जिल्हा दक्षता समित्या कागदावर न राहता भट्ट्यांवर जाऊन चौकशी करू लागाव्यात. यातली पहिली गोष्ट मुंबईत व्हायची आहे, शेवटची भंडाऱ्यात. मधली मात्र आपल्या शाळेतील शिक्षकांना पुस्तक बदलण्याची वाट न पाहताही सुरू करता येईल.

आपल्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. माजी मालगुजारी तलावांना, म्हणजे आपल्या मामा तलावांना, मालगुजाराचे नाव चिकटले आहे. पण पाळीवर ज्यांनी डोक्यावरून माती वाहिली त्यांची नावे शोधू गेल्यास कागदांत सहसा सापडत नाहीत. पाणी मात्र आपण त्यांच्याच कष्टाचे पितो. विद्यार्थी मित्रहो, सुटीत आपल्या घरच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांजवळ बसा आणि त्यांना विचारा की मालगुजारीत बेगार कोण करी, कोण घेई, दिवसाला काय मिळे. जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा. घराण्याला कमीपणा येईल म्हणून काही गाळू नका. त्या काळी जाणती असलेली माणसे आता फारच थोडी उरली आहेत. ती गेल्यावर विचारायला कोणी राहणार नाही.